हर्शे कशानं बुडाला आणि कशानं तरला: तासगावच्या प्रश्नाला एका पेढेवाल्याचं उत्तर

तासगावच्या एका भावाचा प्रश्न दुपारी वाचला, आत्ता दुकान बंद करून आल्यावर सवडीनं लिहायला बसलोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांनी घरीच कॅरॅमल आणि चॉकलेट बनवायचं छोटं युनिट टाकलं, दोन वर्षं चाललं आणि बंद पडलं. आईच्या दागिन्यांवर 1 लाख 20 हजाराचं गोल्ड लोन आहे, साखर-कोको देणाऱ्याचे 85 हजार द्यायचेत आणि दुकानदारांकडं यांचेच 60 हजार अडकलेत. मधल्या काळात अमेरिकेतल्या चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शेचं चरित्र वाचलं, तो माणूस सारखा बुडला तरी उभा राहिला आणि शेवटी सगळी कमाई अनाथ मुलांच्या शाळेला देऊन टाकली, हे मनाला लागलं. आता विचारतायत की परत सुरू करू का, आणि या वेळी पाकिटावर 'नफ्यातले 10 टक्के अनाथ मुलांना' असं छापू का.

मी साताऱ्यात 31 वर्षं भट्टीपुढं उभा आहे, कंदी पेढा हा मुख्य माल, बाकी बर्फी, कुंदा वगैरे हंगामाप्रमाणं. चॉकलेट मी कधी केलं नाही. पण दूध आणि साखर आटवायची, माल खराब व्हायच्या आत विकायचा आणि पैसे वसूल करायचे, हे तुमचं-माझं सारखंच आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

भाऊ, मला तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेले दिसतात. एक धंद्याचा, दुसरा दानाचा. आणि मला वाटतं तुम्ही दुसऱ्याच्या जोरावर पहिला सोडवायला बघताय, म्हणजे काम पुण्याचं आहे म्हटलं की घरच्यांना परत एकदा पैसे मागायला तोंड राहतं. मी तुम्हाला ओळखत नाही, चुकत असेन तर सोडून द्या. पण मी स्वतः एकदा नेमकं हेच केलेलं आहे, ते पुढं सांगतो.

आधी हर्शे. 'अपयश आलं तरी खचू नका' एवढ्यासाठीच लोक त्याची गोष्ट सांगतात, आणि माझ्या मते तिथंच चुकतात. माणूस जन्मला 1857 साली पेनसिल्व्हेनियात, डेरी टाउनशिप नावाच्या गावात. शाळा चौथीपर्यंतच. बाप सतत नव्या धंद्याची स्वप्नं बघणारा आणि कुठंच न टिकणारा, आई मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची, काटकसरी, कष्टाळू. आधी एका छापखान्यात उमेदवारीला ठेवलं, तिथं पटलं नाही, मग 1872 ला लँकेस्टरच्या जोसेफ रॉयर या हलवायाकडं चार वर्षं शिकला. ही चार वर्षं लोक एका ओळीत उरकतात. आमच्या धंद्यात विचाराल तर चरित्रातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. साखरेच्या पाकाला बोट लावून तार बघणं पुस्तकातून येत नाही, उस्तादाच्या शेजारी उभं राहूनच येतं.

मग 1876 ला फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान काढलं. त्या वर्षी तिथं स्वातंत्र्याच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन होतं, गर्दी होती, माल खपला. प्रदर्शन संपलं, गर्दी गेली, तरी सहा वर्षं ओढाताण करत चालवलं आणि 1882 ला बंद केलं. पुढं डेन्व्हर, शिकागो, न्यू ऑर्लिन्स असं फिरून 1883 ला न्यूयॉर्कमध्ये परत मांडामांड केली, ती 1886 ला बुडाली. दोन्हीकडं आई आणि मावशी सोबत कष्टाला होत्या, पैसा नातेवाइकांचाच लागला होता. लँकेस्टरला रिकाम्या हातानं परत आला तेव्हा मामांनी आणखी पैसे द्यायला नकार दिला. मावशीनं मात्र साथ सोडली नाही, आणि जुन्या एका कामगारानं, हेन्री लेबकिशर नाव त्याचं, न्यूयॉर्कमध्ये अडकलेलं सामान सोडवून आणायला पैसे दिले.

आता तुम्हीच बघा, ज्या माणसाचा धंदा बुडाला त्याच्यासाठी त्याचा जुना कामगार पदरचे पैसे घालतो, म्हणजे दुकान चालू असताना मालक त्याच्याशी कसा वागला असेल. तुमच्याकडं दोन बायका पॅकिंगला होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा पगार पूर्ण दिलाय का, हे लिहिलेलं नाही. राहिला असेल तर गोल्ड लोनच्याही आधी तो द्या.

असो. 1886 नंतर असं काय बदललं की हाच माणूस थोड्या वर्षांत लखपती झाला? जिद्द तर फिलाडेल्फियातही होती. बदललं ते दूध. डेन्व्हरला तो एका कॅरॅमलवाल्याकडं नोकरीला होता, तिथं त्यानं पाहिलं की कॅरॅमल मऊ आणि चिवट राहावं म्हणून बाकीचे जे पॅराफिन (मेण) घालायचे त्याच्याऐवजी हा कॅरॅमलवाला ताजं दूध घालतो. त्यानं चव सुधारते आणि माल टिकतोही चांगला. लँकेस्टरचा सगळा भाग गाईगुरांचा, दूध दारात. तिथं येऊन त्यानं दुधाचं कॅरॅमल काढलं, इंग्लंडच्या एका आयातदाराला ते आवडलं, त्याची मोठी ऑर्डर आली, तिच्यावर बँकेचं कर्ज मिळालं आणि पैसे आल्यावर ते कर्ज फेडलं. लँकेस्टर कॅरॅमल कंपनी तिथून उभी राहिली.

म्हणजे फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कला तो जे विकत होता ते शंभर लोक विकत होते, भाडं शहराचं, साखर उसनवारीची. लँकेस्टरला तो जे विकत होता ते आजूबाजूला कुणाकडं नव्हतं आणि कच्चा माल हाताशी होता. तुम्ही परत सुरू करावं का याचं माझं उत्तर यातच आहे. या दोन वर्षांत तुमच्या मालात किंवा विकायच्या पद्धतीत काही बदललंय का? बदललं असेल तर जरूर करा. तोच माल, त्याच दुकानात, त्याच उधारीवर जाणार असेल तर पाकिटावर काहीही छापलं तरी दीड वर्षात तुम्ही आहे तिथंच असाल.

दुधाचा मुद्दा निघालाय तर थोडं आमच्या पेढ्याचं सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. कंदी पेढ्याला म्हशीचंच दूध लागतं. चांगल्या फॅटचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा पडतो. साधा पेढा करणारा तिथं साखर घालून मोकळा होतो. आम्ही तो खवा परत कढईत घेऊन मंद आचेवर भाजतो, सारखा हलवत. सुरुवातीला तो नुसता ढेकळं धरतो, मग त्याचं स्वतःचंच तूप कडेनं सुटायला लागतं, रंग बदामी होतो, आणि एक क्षण असा येतो की वास बदलतो, कच्च्या दुधाचा वास जाऊन खरपूस वास येतो. त्या क्षणाच्या आधी उतरवला तर पेढा दोन दिवसात आंबूस, नंतर उतरवला तर कडवट. साखर कमी घालतो कारण गोडी अर्धी त्या भाजण्यातूनच येते, आणि पाणी निघून गेलेलं असल्यामुळं पेढा टिकतो. गिऱ्हाईक एसटीच्या पिशवीत टाकून मुंबईपर्यंत नेतं ते त्या भाजण्याच्या भरवशावर. साताऱ्याच्या पेढ्याचं नाव झालं त्यात दूध, आच आणि टिकाऊपणा या तीनच गोष्टी आहेत.

हर्शेचीही पुढची सगळी धडपड यासाठीच होती. 1893 ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या लेहमान कंपनीची चॉकलेटची यंत्रं बघितली आणि प्रदर्शन संपल्यावर तीच विकत घेतली. 1894 ला चॉकलेट कंपनी काढली, ती सुरुवातीला कॅरॅमलच्या धंद्याची पोटशाखाच होती. आणि 1900 साली चांगला चालणारा कॅरॅमलचा धंदा 10 लाख डॉलरला विकून टाकला, चॉकलेट तेवढं स्वतःकडं ठेवलं. त्याचा हिशोब असा की कॅरॅमलची आवड आज आहे उद्या नाही, चॉकलेट राहणार.

पण दुधाचं चॉकलेट तेव्हा स्विस लोकांनाच नीट जमत होतं आणि ते महाग होतं. दुधात पाणी असतं आणि कोकोमध्ये असते चरबी, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. दूध आटवायला गेलं की करपतं, नाही आटवलं तर चॉकलेट नासतं. हर्शेनं त्याच्या जन्मघराजवळ वर्षानुवर्षं प्रयोग केले, हाताशी स्वतःचे कामगार. साय काढलेलं दूध साखरेबरोबर कमी आचेवर, हवा काढलेल्या भांड्यात हळूहळू आटवायचं, ही युक्ती शेवटी लागू पडली. अमेरिकेतून कुणी हर्शे आणलं तर खाऊन बघा, स्विस चॉकलेटपेक्षा किंचित आंबूस चव लागते. तिथल्या लोकांना तीच चव आपली वाटते, जशी आपल्याला भाजक्या पेढ्याची. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण आमच्या पेढ्यालाही बाहेरची लोकं आधी 'करपलाय का' असंच विचारतात.

कारखाना कुठं काढायचा हा विचारही त्यानं दुधावरूनच केला. 1903 ला जन्मगावी, शेताच्या मधोमध पायाभरणी केली, 1905 ला कारखाना सुरू झाला. आजूबाजूला गोठे, पाणी, रेल्वे आणि काम करणारी माणसं. मग त्याच्याभोवती घरं, ट्रामगाडी, बाग, शाळा, अख्खं गाव वसवलं. आपल्याकडं असं काही झालं नाही असं कुणी समजू नये. तुमच्या तासगावपासून किर्लोस्करवाडी किती लांब आहे? 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली, सालंसुद्धा जवळपास तीच. आणि त्यांचा लोखंडी नांगरही सुरुवातीला कुणी घेत नव्हतं, लोखंडानं जमीन विषारी होते म्हणायचे शेतकरी. गोड पदार्थाचंच उदाहरण पाहिजे असेल तर भिलवडी आहे, तिथं 1939 ला चितळ्यांची डेअरी सुरू झाली ती कृष्णाकाठच्या दुधावर, पुण्याचं दुकान नंतरचं.

आता तुमच्या धंद्याचं बघू. हे तुमच्या परिस्थितीवर पुष्कळ अवलंबून आहे, म्हणजे घरात दुसरी कमाई आहे का, युनिट स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या, गोल्ड लोनचं व्याज महिन्याला किती जातं, हे मला माहीत नाही. पण आकडे दिलेत त्यावरून एक दिसतं. तुमचे 60 हजार दुकानदारांकडं आहेत म्हणजे तुम्ही माल जांगडवर ठेवत होता, विकला तर पैसे, उरला तर परत. कॅरॅमलसारख्या मालाला जांगड म्हणजे आत्महत्या आहे. जुलैत सांगलीकडची हवा कशी असते तुम्हाला माहिती, ओलाव्यानं कॅरॅमलला पाणी सुटतं, कागद चिकटतो, दुकानदार ते पाकीट पुढच्या काचेत ठेवतो, उन्हानं वितळतं, मग दोन महिन्यांनी म्हणतो माल खराब निघाला, घेऊन जा. तुमचा माल गेला, कागद गेला, पैसेही गेले, आणि दुकानदाराचं एक रुपयाचंही नुकसान नाही.

मी असाच एकदा बुडलोय. कोल्हापूरला दुसरं दुकान काढलं होतं, जागा झकास, भाडं जबरदस्त. पेढा साताऱ्याहून रोज पहाटे जायचा. तिथल्या दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांना, लग्नाच्या आणि ऑफिसच्या ऑर्डरींना, मी उधारीवर माल देत गेलो कारण विक्रीचा आकडा वाढतोय याचंच अप्रूप होतं. रोजकीर्द लिहायला माणूस ठेवला होता पण मी ती वाचत नव्हतो. चौदा महिन्यांनी शटर ओढलं तेव्हा थकलेली वसुली 2 लाखांच्या वर होती आणि गवळ्यांचं देणं तेवढंच. गवळी आपलेच, वाई-कोरेगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या रतीब घालणारे. त्यांच्यापुढं उभं राहताना जी मान खाली गेली ती अजून आठवते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, शेठ, म्हशीला उधारी कळत नाही हो, तिला रोज पेंड लागते.

त्यानंतर माझे नियम ठरलेत, ते तुम्हाला जसेच्या तसे सांगतो. नवीन दुकानाला पहिले तीन महिने रोखीवर माल, भले कमी जाऊ दे. रोजची जमा-नावे रात्री मीच वाचतो, गल्ल्याचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे वेगळ्या डब्यात. आणि मोठा माल उचलणारा असला तरी त्याची उधारी एका आठवड्याच्या दुधाच्या बिलापेक्षा वर जाऊ देत नाही. तुमच्याकडं दूध कमी लागत असेल तर साखर-कोकोच्या बिलाशी तसंच माप लावा.

किमतीचंही एक हर्शेकडून घेण्यासारखं आहे. त्याची वडी 5 सेंटला मिळायची आणि ती किंमत 1969 पर्यंत टिकली. कोको-साखर महागली की वडीचं वजन कमी व्हायचं, स्वस्त झाली की वाढायचं, पोराच्या हातातलं नाणं मात्र तेच. आपल्याकडं पाच-दहा रुपयांची बिस्किटं असंच करतात. तुम्ही 35 रुपयांचं पाकीट काढलंय, ते शाळेच्या पोराला परवडत नाही आणि भेट द्यायला फार साधं दिसतं. 10 रुपयांचं एक करा आणि वाटलं तर दिवाळीला डबा वेगळा. जाहिरातीवर तर त्यानं खर्चच केला नाही म्हटलं तरी चालेल, त्या कंपनीनं ग्राहकांसाठी मोठी जाहिरात सुरू केली ती 1970 ला, तो वारल्यावर 25 वर्षांनी. म्हणून तुमच्या बजेटमधले इन्स्टाग्रामवाल्याला द्यायचे 40 हजार मला पटत नाहीत. ते दुकानदारांच्या हातात वडी चाखायला देण्यात घाला.

आता दानाचं, ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलो.

हर्शेनं 1898 ला कॅथरीनशी लग्न केलं, सगळे तिला किटी म्हणायचे. मूल झालं नाही, आणि ती सारखी आजारी असायची. 1909 च्या नोव्हेंबरात दोघांनी ट्रस्टचा दस्त केला आणि अनाथ मुलांसाठी शाळा काढली, मुलांना राहायला, जेवायला आणि शिकायला सगळं फुकट, शिवाय हाताला काम शिकवायचं. आता नीट लक्ष द्या. 1909 ला तो बुडीत गेलेला तरुण नव्हता, 52 वर्षांचा होता, कारखाना चार वर्षं जोरात चालू होता, कर्ज फिटलेलं होतं. किटी 1915 ला वारली. 1918 ला त्यानं आपली मालमत्ता, मुख्यतः चॉकलेट कंपनीतला आपला हिस्सा, अंदाजे 6 कोटी डॉलरचा, शाळेच्या ट्रस्टच्या नावावर करून टाकला. आणि हे जगाला कळलं कधी? 1923 ला, पाच वर्षांनी, वर्तमानपत्रात आलं तेव्हा. तोपर्यंत त्यानं कुठं पाटी लावली नाही की वडीच्या कागदावर छापलं नाही.

दुसरं म्हणजे त्यानं नफ्याची टक्केवारी दिली नाही, मालकीच दिली. म्हणजे चॉकलेटचा मालक शाळाच, आणि हर्शे त्या मालकाचा चाकर म्हणून 1944 पर्यंत अध्यक्षपदावर काम करत राहिला. स्वतःचा मोठा बंगला 1930 ला क्लबला दिला आणि वरच्या दोन खोल्यांत राहिला. 1945 ला, 88 व्या वर्षी गेला. आजही कंपनीचा ताबा त्याच ट्रस्टकडं आहे आणि दोन हजारांवर मुलं-मुली तिथं शिकतात. 2002 ला ट्रस्टनंच कंपनी विकायचं ठरवलं तेव्हा गावानं आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एवढा विरोध केला की विक्री थांबवावी लागली. बिन आईबापाची म्हणून आलेली पोरं मोठी होऊन कारखान्याच्या बाजूनं उभी राहिली, हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

हे आपल्याकडं जसंच्या तसं करता येत नाही बरं का. धर्मादाय ट्रस्टनं कंपनीचे शेअर धरून ठेवायला आपल्या इन्कम टॅक्स कायद्यात बंधनं आहेत, टाटा ट्रस्टसारख्यांचे जुने, 1973 च्या आधीचे शेअर म्हणून चालतात. तुमच्या माझ्यासारख्यानं त्या फंदात पडू नये, आणि पाकिटावर अनाथ मुलांच्या नावानं काही छापायचं असेल तर आधी सीएला विचारा. लोकांच्या पैशाचा हिशोब द्यावा लागतो आणि तो नाही देता आला तर नाव जातं. तुमच्याकडं नफाच नसेल त्या वर्षी काय सांगणार त्या आश्रमाला? तिथल्या पोरांनी जून महिन्यात वह्या मिळणार म्हणून वाट बघितली असेल.

हर्शेचं सगळंच घ्यावं असंही मला वाटत नाही. त्या 1909 च्या दस्तात शाळा फक्त गोऱ्या अनाथ मुलग्यांसाठी होती. रंगाची ती अट फार उशिरा गेली आणि मुलींना प्रवेश मिळाला तो 1970 च्या दशकात. त्याच सुमाराला आपल्या साताऱ्यात काय चाललं होतं बघा. कर्मवीर भाऊराव पाटील, जे आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते, त्यांनी 1919 ला कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्यात आणली. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीला बसत होती, एकत्र स्वयंपाक करत होती. पोरांना जेवायला घालायला पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं काढून दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांकडं ना कारखाना होता ना कोट्यवधी. दान म्हणजे काय हे शिकायचं असेल तर तासगावहून साताऱ्याला यायला दोन-अडीच तास लागतात, हर्शेपर्यंत जायची गरज नाही.

आणि कामगारांचंही आहे. एवढा दानशूर मालक, मंदीत लोकांना काम मिळावं म्हणून त्यानं हॉटेल, नाट्यगृह, स्टेडियम बांधायला काढलं, तरी 1937 ला त्याच्याच कारखान्यात कामगार संपावर बसले. दूध घालणारे शेतकरी चिडले कारण दूध वाया चाललं होतं, ते आत घुसले, मारामारी झाली. म्हाताऱ्याला ते फार लागलं म्हणतात. मी यातून माझ्यापुरतं एवढंच घेतलं की कारागिराचा हक्क आणि अनाथाला दिलेलं दान या दोन वेगळ्या वह्या आहेत, एकीतलं दुसरीत जमा धरता येत नाही.

मी सुरुवातीला म्हणालो ना, की मीही हे केलंय. कोल्हापूरच्या दुकानाच्या उद्‌घाटनाला मी माइकवर जाहीर केलं होतं की दरवर्षी एका वसतिगृहाला 51 हजार देणार. टाळ्या पडल्या, फोटो आला. पहिल्या वर्षी दिले, ते गवळ्यांच्या पैशातून दिले. दुसऱ्या वर्षी दुकानच नव्हतं. वसतिगृहाच्या अधीक्षकांचा फोन आला, फार सौजन्यानं विचारत होते, आणि मला दोन रात्री झोप लागली नाही.

नंतर 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्यात गेली तेव्हा आम्ही साताऱ्याहून टेम्पो भरून निघालो. मी 40 किलो पेढे घातले, माझ्याकडं तेच होतं. कॅम्पवर एका बाईनं हात जोडून सांगितलं, दादा, पोरांना परवापासून कोरडं अंथरूण नाही, पाणी उकळायला भांडं नाही, हे गोड कुठं ठेवू. त्या दिवशी तिथूनच परत फिरून कराडातनं चटया आणि पातेली घेऊन गेलो. तेव्हापासून आधी विचारतो काय पाहिजे, मग देतो.

आता मी काय करतो ते सांगतो, तुम्हाला जमेल तसं घ्या. एका वसतिगृहातल्या दोन मुलांचं मेसचं बिल मी दर महिन्याच्या 5 तारखेला भरतो. ती रक्कम मी नफ्यातून काढत नाही, माझ्या स्वतःच्या पगारातून काढतो, दुकानातून मी ठरलेला पगार घेतो तो. धंदा बरा चालो नाहीतर वाईट, दोन मुलं जेवतातच. त्यांना माझं नाव माहीत नाही. त्यातला एक पुढं आयटीआय करून शिरवळकडं कंपनीत लागला, असं अधीक्षकांकडून कळलं. तुमचा जीव खरंच या कामात अडकला असेल तर आजच, धंदा बंद असतानाही, एका पोराच्या वह्या-पेनपासून सुरू करता येईल. त्यासाठी युनिट परत सुरू व्हायची वाट बघायला नको, पाकीट छापायला तर नकोच.

क्रम माझ्या मते असा लावा. पॅकिंगच्या दोघींचा पगार राहिला असेल तर तो आधी. मग अडकलेल्या 60 हजारांसाठी एक-एक दुकान पायानं फिरा, फोनवर वसुली होत नाही, जेवढं येईल तेवढं सरळ आईच्या लोनमध्ये भरा. साखरवाल्याला जाऊन भेटा आणि महिन्याला किती देऊ शकता ते स्वतःहून सांगा, पळून गेला म्हणायची वेळ आणू नका, उद्या परत माल त्याच्याकडूनच लागणार. तोवर छोट्या पातेल्यात घरी प्रयोग चालू ठेवा. म्हशीच्या दुधाचं कॅरॅमल करून बघा, खवा थोडा भाजून घालून बघा, मला वाटतं ते तुमच्या भागात कुणी करत नसेल. पाक 118 ते 120 डिग्रीला उतरवा, पावसाळ्यात एखादा डिग्री वर जाऊ दे, आणि प्रत्येक खेपेचं तापमान, दूध, तारीख वहीत लिहा. एक बरणी बंद करून कपाटात, एक उघडी ओट्यावर, तीस दिवस रोज एक वडी खाऊन बघा.

त्या तीस दिवसांची वही घेऊन साताऱ्याला या. सकाळी सहाला भट्टी पेटते, साडेसातला खवा भाजायला घेतो. तेव्हा आलात तर कढईपाशी उभं राहून वास कधी बदलतो ते तुम्हाला दाखवतो. येताना तुमच्या आईंनाही घेऊन या.